ठेवा की वगळा

वजनमाप खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला दोनच उद्योग उरतात. भाजीवाल्याच्या काट्याकडे संशयाने बघायचं, आणि बायकोचं "अहो, पुरे आता, चला" ऐकून पुढे चालू लागायचं. आमच्या निरीक्षकांनी मात्र तिसरा उद्योग शोधून काढला. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे. तो कुणीही वाचावा, कुणीही लिहावा, असा त्याचा उदार बाणा. आता जिथे कुणीही लिहू शकतं तिथे खोडणारा कुणीतरी लागतोच. निरीक्षक तो खोडणारा झाले.

सुरुवात साधी होती. कुठल्याशा लेखात पौंड आणि किलोचं गणित चुकलं होतं, ते त्यांनी दुरुस्त केलं. मग आणखी एक केलं. मग चटकच लागली. पुढे तिथल्या मंडळींनी त्यांना प्रचालक करून टाकलं, म्हणजे एखादा लेख ठेवायचा की वगळायचा यावरचं सगळ्यांचं म्हणणं ऐकून शेवटचा निकाल देणारा माणूस. काम बिनपगारी, मान भरपूर. तिथे प्रत्येक जण टोपणनावाने वावरतो. निरीक्षकांनी नाव घेतलं 'तागडी'. घरात याचा कुणाला पत्ता नव्हता. सकाळचा चहा झाला की ते जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप उघडून बसत, आणि बायकोची समजूत अशी की हे शेअरबाजार बघतात आणि भीतीपोटी घेत काहीच नाहीत.

या ज्ञानकोशात माणसावर लेख हवा असेल तर तो माणूस 'उल्लेखनीय' असावा लागतो. उल्लेखनीय म्हणजे चांगला नव्हे, मोठा नव्हे, हुशार तर नव्हेच. ज्यांचं त्याच्याशी काही देणंघेणं नाही अशा लोकांनी ज्याच्याविषयी पुरेसं छापलंय, तो उल्लेखनीय. बाकीचे आपापल्या घरी थोर. या एका नियमावर तागडीने भल्याभल्यांना घरचा रस्ता दाखवला होता. पदरमोड करून ढीगभर काव्यसंग्रह काढलेले एक गृहस्थ, 'दंतभूषण' हा पुरस्कार स्वतःच्याच दवाखान्यात स्वतःच्याच हस्ते स्वीकारलेले एक दंतवैद्य, आणि एक पुढारी, ज्याने आपल्या लेखात आपला पुतळा 'नियोजित' म्हणून घालून ठेवला होता. सगळ्यांखाली तागडीचा एकच शेरा : 'संदर्भ द्या.' संदर्भ नाही आला की वगळा. लोक शिव्या घालत. निरीक्षक त्या चवीने वाचत. नोकरीतही त्यांना अशाच शिव्या मिळायच्या, त्यामुळे निवृत्त झाल्यासारखं वाटत नसे.

अशा या सुखी माणसाच्या पुढ्यात एप्रिल महिन्यात त्यांची सख्खी पुतणी आली. म्हणजे तिच्यावरचा लेख आला.

पुतणी म्हणजे धाकट्या भावाची मुलगी. वय तेवीस, नावावर सिनेमा एकच, तोही अर्ध्या तासाचा. त्याचं नाव 'जास्तीचा दिवस'. पडद्यावर सबंध वेळ एका म्हातारीचे फक्त हात दिसतात. ती मटार सोलते आहे. शेंग उचलायची, अंगठ्याने फोडायची, दाणे पातेल्यात, साल खाली. बस्स. आणि शेजारच्या खोलीतून आवाज येतात. वडील गेले, आता आईला कुणी ठेवायचं यावर तिची तीन मुलं आणि सुना बोलताहेत. भांडण नाही, कुणाचा आवाज चढत नाही. सगळं कसं समजूतदारपणे चाललंय, आणि म्हणूनच ते ऐकवत नाही. एकाच्या इमारतीला लिफ्ट नाही, दुसऱ्याच्या मुलाची परीक्षा आहे, तिसऱ्याचं बाथरूम घसरडं आहे. शेवटी थोरला म्हणतो, चार-चार महिने वाटून घेऊ, जानेवारी ते एप्रिल माझ्याकडे. सगळे हुश्श करतात. तेवढ्यात थोरलाच पुन्हा बोलतो : "पण लीप वर्षात माझ्याकडे एक दिवस जास्तीचा येतो. तो कोण भरून देणार?" म्हातारीचे हात थांबतात. मग पुढची शेंग उचलतात, आणि सिनेमा संपतो.

तो थोरला म्हणजे कोण, हे वाचकांना एव्हाना कळलं असेलच. निरीक्षकांनाही पहिल्याच फटक्यात कळलं होतं. बाकी कुणाला कळायला मात्र वाव नव्हता. चेहरा एकाचाही नाही, आवाज यंत्रातून बदललेले, आणि पुतणीला कुणी विचारलं तर ती एवढंच म्हणे, "माणसं खरी आहेत. घर कुणाचं ते सांगणार नाही."

मग जो गदारोळ व्हायचा तो झाला. लोकांचं खाजगी बोलणं न विचारता टिपलं म्हणून कुणी पोलिसांत गेलं. समस्त मातांचा अपमान झाला म्हणून कुणी मोर्चा काढला, ज्यात एकही माता नव्हती. एका महोत्सवाने सिनेमा निवडला आणि धमक्यांचे फोन येताच 'तांत्रिक कारणाने' काढून टाकला. टीव्हीवर आठ डोकी आठ चौकटींत बसून एकमेकांवर ओरडली. एवढं झाल्यावर तो सिनेमा ज्याने त्याने आपापल्या फोनवर पाहिला हे सांगायला नकोच. ऑफिसात कुणी रजा मागितली की साहेब म्हणू लागले, "आणि तो दिवस कोण भरून देणार?"

एका टवाळाने तर कागदावर हिशोबच मांडून दाखवला. जानेवारी ते एप्रिलमध्ये फेब्रुवारी येतो, म्हणजे थोरल्याने मुळातच सगळ्यात तोकडा वाटा उचललाय, आणि लीप वर्षातला तो दिवस धरूनसुद्धा तो भावांपेक्षा कमीच भरतो. हे वाचलं आणि निरीक्षकांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांच्या ते खरोखरच लक्षात आलं नव्हतं. उभा जन्म दुकानदारांच्या पारड्याखाली चिकटवलेले मेणाचे गोळे खरवडण्यात गेला, आणि घरच्या आईच्या बाबतीत मापात पाप! सिनेमात आपण निष्ठुर दिसतो हे त्यांनी एक वेळ पचवलं असतं. हिशोबात कच्चे दिसतो हे काही पचेना.

कुटुंबाने या संकटावर नामी उपाय काढला. कुणी कुणाशी न बोलता सर्वांचं एकमत झालं, की हे दुसरंच कुठलं तरी घर असणार. निरीक्षकांच्या बायकोने सिनेमा शेवटपर्यंत पाहिला, फोन उशीखाली ठेवला आणि म्हणाली, "असतात बाई एकेक माणसं. आईला दिवसांवर मोजतात."

"असतात," निरीक्षक म्हणाले.

आतल्या खोलीत आई झोपली होती. तेव्हा फेब्रुवारी चालू होता.

आणि आता हा लेख. चष्मेबहाद्दर नावाच्या कुणा विद्यार्थ्याने तो लिहिला होता. त्यात जन्म होता, शिक्षण होतं, सिनेमाचं कथानक अगदी त्या वाक्यासकट होतं, आणि खाली 'चित्रपटातील कुटुंब' असं शीर्षक देऊन एक रिकामा विभाग सोडला होता. तिथे पाटी : 'कृपया माहितीची भर घालावी.' निरीक्षक त्या पाटीकडे बघत राहिले. वर्तमानपत्र रद्दीत जातं, टीव्ही संध्याकाळपर्यंत विसरतो, पण ज्ञानकोश विसरत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? लेख राहिला तर आज ना उद्या कुणीतरी त्या रिकाम्या जागेत त्यांचं नाव आणून टाकणार. मग नातवंडांनी आजोबांचं नाव शोधलं की पहिलं काय निघणार, तर ज्यांनी आईचा एक दिवस परत मागितला ते हे.

लेख वगळायची मागणी दुसऱ्याच दिवशी आली, आणि रिवाजाप्रमाणे आठवडाभराची चर्चा सुरू झाली. रोखठोक नावाचे एक सदस्य पुढे सरसावले : 'वगळा. एक सिनेमा काढला म्हणून कुणी दिग्दर्शक होत नाही. मी तो पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही.' चष्मेबहाद्दरने लिहिलं : 'ठेवा. एवढे मोर्चे काय उगाच निघाले? मीही अजून पाहिलेला नाही, परवा पेपर आहे.' कुणी म्हणालं पोरगी थोर, कुणी म्हणालं कृतघ्न. सिनेमा शेंगेन् शेंग पाठ असलेला त्या चर्चेत एकच माणूस होता, आणि त्याला तोंड उघडायची सोय नव्हती. कारण या ज्ञानकोशात स्वतः पाहिलेलं चालत नाही. दुसऱ्याने पाहून छापलेलं चालतं.

दुसरीही एक अडचण होती. ज्या विषयात आपला हितसंबंध आहे त्यात प्रचालकाने निकाल द्यायचा नाही. उघड सांगायचं आणि बाजूला व्हायचं, असा तिथे कडक नियम आहे. तो नियम ज्यांनी लिहिला त्यांचं टोपणनाव तागडी.

निरीक्षकांनी नियमाकडे तात्पुरती पाठ केली आणि निकालाचा मसुदा तयार केला. 'वगळा. व्यक्तीला मिळालेली प्रसिद्धी एकाच घटनेपुरती मर्यादित. उपलब्ध संदर्भ वादाविषयी आहेत, कार्याविषयी नाहीत. पुढील कार्य झाल्यास पुनर्विचार व्हावा.' त्यांनी तो पुन्हा पुन्हा वाचला. बोट ठेवायला जागा नव्हती. गंमत म्हणजे त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. नियमावर बोट ठेवून पाहिलं तर पोरगी खरोखरच काठावर होती, आणि काठावरच्या कितीकांना तागडीने याआधी बिनदिक्कत खाली लोटलं होतं. काटा बरोबर होता. फक्त पारड्याखाली काहीतरी चिकटलेलं होतं, आणि ते कुठे आहे हे निरीक्षकांना नेमकं माहीत होतं.

आठवडा अर्ध्यावर आला आणि चर्चेत एक अनोळखी गृहस्थ उगवले. 'हा सिनेमा आमच्या घरावर काढलेला आहे. मटार सोलणारे हात माझ्या मातोश्रींचे आहेत. लेख ताबडतोब काढून टाकावा.' निरीक्षकांच्या काळजात धस्स झालं. मधला भाऊ? पण पुढे वाचलं तर गृहस्थ चार भावांविषयी लिहीत होते. तागडीने सुटकेचा श्वास टाकून उत्तर दिलं : 'वैयक्तिक दावे ग्राह्य नाहीत. संदर्भ द्या.' दुपारपर्यंत दुसरे आले. त्यांच्या मते ती त्यांचीच बैठकीची खोली होती, घड्याळाची टिकटिकसुद्धा त्यांचीच. मग परदेशात राहणारी एक मुलगी आली. ती त्या दिवशी फोनवरून बोलण्यांत सामील होती म्हणे, आणि तिचा आवाज सिनेमात मुद्दाम गाळलाय. मग आणखी एक. प्रत्येक जण छातीठोकपणे सांगत होता, हे आम्हीच, आणि आम्हाला झाका. निरीक्षकांना बरं वाटू लागलं. जितका धुरळा तितकं चांगलं. ते एकेकाला उत्साहाने लिहीत होते, संदर्भ द्या.

मग एका बाईंनी लिहिलं. 'लीप वर्षाचं ते वाक्य माझ्या नवऱ्याचं आहे. बँकेत होते. हिशोबाला फार पक्के. मी त्याच खोलीत बसले होते आणि मी काही बोलले नाही. लेख ठेवा.'

निरीक्षकांना आधी आला तो राग. बँकवाला? कोण हा बँकवाला? ते वाक्य माझं आहे! मी बोललोय ते, माझ्या तोंडाने, माझ्या भावाच्या घरात, हातात चहाचा कप धरून! टेबलावर मूठ आपटली तेव्हा त्यांना कळलं की आपण कशावर हक्क सांगतो आहोत. ज्या वाक्यापायी गेले दोन महिने धड झोप नव्हती, ते दुसऱ्याने उचललं तर जीव जळतो? लाज वाटली त्यांना. आणि ती बाई, तिने तर सगळ्यांसारखं झाका म्हटलं नव्हतं. ठेवा म्हणाली होती.

पुढे त्यांनी जे केलं ते मन खात होतं म्हणून केलं, की बँकवाल्याचं नाक कापायला केलं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी निकालाचा मसुदा पुसला आणि चर्चेत लिहिलं : 'हितसंबंध जाहीर करतो. या चित्रपटातला थोरला मुलगा मी आहे. ते वाक्य माझं आहे. दिग्दर्शिका माझी पुतणी आहे. म्हणून मी निकाल देऊ शकत नाही.' बटण दाबलं आणि ते आभाळ कोसळायची वाट बघत बसले.

कोसळलं ते दूध. "उतू गेलं की हो! समोर बसून लक्ष कुठे असतं तुमचं?" बायको आतून ओरडली. ते ओटा पुसून परत येईपर्यंत उत्तरं आली होती.

रोखठोक म्हणत होते, 'घ्या! आता प्रचालकांच्याही अंगात आलं.' चष्मेबहाद्दरने लिहिलं होतं, 'सर, हसून हसून पोट दुखलं. अभ्यासातून ब्रेक दिल्याबद्दल आभार.' आणि खाली टाचणी होती. टाचणी म्हणजे तिथली दुसरी प्रचालक. कुठली, कोण, किती वयाची, कुणाला माहीत नाही. टोचून बोलते एवढंच माहीत. तिने लिहिलं होतं : 'तागडी, तुम्हीसुद्धा? इतक्या जणांनी हेच सांगितलं आणि प्रत्येकाला तुम्हीच लिहिलंत, संदर्भ द्या. आता माझी पाळी. संदर्भ द्या.'

निरीक्षक विचारात पडले. संदर्भ कुठून आणायचा? आवाज द्यावा तर तो बदललेला. चेहरा द्यावा तर तो नाहीच. भावांची साक्ष काढावी तर ते म्हणणार दुसरंच घर. बायकोची काढावी तर, असतात बाई एकेक माणसं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं वजन खरं सांगितलं होतं, आणि त्यावर शिक्का मारायला कुणी तयार नव्हतं.

टाचणीने त्यांची घोषणा 'निराधार दावा' म्हणून पुसून टाकली आणि निकालही तिनेच दिला. 'ठेवा. इतक्या माणसांना, त्यात एका जुन्या जाणत्या प्रचालकालाही, हे आपलंच घर वाटतं, हे माझ्या मते सगळ्यात मोठं कारण. ते नियमात बसत नाही म्हणून नोंदवत नाही. नोंदवते ते असं : स्वतंत्र माध्यमांनी सातत्याने दखल घेतली आहे.' दोन दिवसांनी एका वर्तमानपत्राने या गमतीदार चर्चेचीच बातमी केली. त्या बातमीचा आधार घेऊन चष्मेबहाद्दरने तो रिकामा विभाग भरून टाकला. 'चित्रपटातलं कुटुंब कोणतं हे अज्ञात आहे. अनेकांनी ते आपलं असल्याचा दावा केला, परंतु त्यास आधार मिळालेला नाही.' ओळीच्या शेवटी संदर्भाचा बारीक आकडा. आता ती ओळ हलवायची कुणाची टाप नव्हती. निरीक्षक कायमचे सुटले होते, आणि तेही ससंदर्भ. खरं तर पेढे वाटायला हवे होते. त्यांना जेवण गेलं नाही.

महिनाअखेरीच्या रविवारी पुतणी आली. आई ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे जाऊन ती आजीची नखं कापून द्यायची. नखं झाली, आजीचा डोळा लागला. काकूने पुतणीच्या हातात चहा दिला, हवापाण्याच्या चार गोष्टी केल्या आणि सिनेमा हा शब्द निघायच्या आत वाळलेले कपडे काढायला गच्चीवर पळाली. गॅलरीत काका-पुतणी दोघंच राहिले.

"इंटरनेटवर माझ्यावर लेख आलाय म्हणे," पुतणी म्हणाली. "मला मैत्रिणीने दाखवला. जन्मवर्षच चुकवलंय."

"संदर्भ दे," निरीक्षकांच्या तोंडून निघून गेलं. मग ते ओशाळले. ती जन्मली तेव्हा प्रसूतिगृहाबाहेर थर्मास धरून तेच तर उभे होते. "म्हणजे, कळव त्यांना. करतील दुरुस्त." मग त्यांनी विचारलं, "आवाज का बदललेस गं?"

"कुठले आवाज?" पुतणीने अगदी साळसूदपणे विचारलं. घरचा करार तीही पाळत होती.

"माझा. माझा आवाज."

तिने कप कठड्यावर ठेवला. या घरात ते शब्द पहिल्यांदाच कुणी उच्चारत होतं.

"मी नव्हते बदलणार, काका. मला तुमचा आवाज जसाच्या तसा हवा होता. शेवटी नावंही घालणार होते, तिघांची. खूप राग आला होता मला." ती खाली रस्त्याकडे बघत होती. "आजीने अट घातली. म्हणाली, माझे हात हवे तेवढे घे. पण पोरांना कुणी ओळखेल असं काही ठेवणार असशील तर मी शेंगेला हात लावायची नाही."

"म्हणजे तू टिपतेयस हे तिला माहीत होतं?"

"माहीत? मटार तिनेच निवडले. मी म्हटलं होतं कांदे चिर. तर म्हणाली, कांद्याने नाक ओढलं जातं, लोकांना वाटेल मी रडतेय."

"पण अट तर आधी घातली असेल ना तिने?" निरीक्षक म्हणाले. "आम्ही बोलायच्या आधी. तेव्हा तिला काय माहीत, आम्ही काय बोलणार ते?"

"काका," पुतणी म्हणाली, "ती तुमची आई आहे."

ती निघून गेल्यावर निरीक्षक बराच वेळ तिथेच उभे राहिले. त्यांनी बोट उचलून सांगितलं होतं, मीच तो, आणि जगाने मानलं नव्हतं. का मानलं नाही, ते आता कळलं होतं. पुरावा म्हणून जे जे लागलं असतं ते सगळं आईने आधीच, शेंगा सोलता सोलता, उचलून बाजूला टाकलं होतं.

तीस तारखेला सकाळी आई पलंगावर बसून बॅग भरत होती. मधला तिला न्यायला येणार होता. निरीक्षक दारात आले, आत आले, खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल उगाच नीट केला.

"आई, त्या सिनेमातला तो मी."

"मग मला काय सांगतोस?" आई म्हणाली. "मी शेजारच्याच खोलीत होते."

तिने दोन साड्या एकावर एक ठेवल्या. निरीक्षक पलंगाच्या कडेला बसले.

"तू जाऊ नकोस मधल्याकडे. इथेच राहा आता."

"किती दिवस?"

"दिवस कसले? कायमची."

आईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं, लहानपणी ताप आहे का बघायची तसं. "आणि मधल्याला काय सांगशील?"

"सांगेन, मला वाटलं म्हणून."

"एकाएकी वाटलं? इतके दिवस नाही वाटलं ते?" आईने मान हलवली. "नको रे बाबा. आता ठेवून घेतलंस तर सगळ्यांना कळेल ना, ते घर आपलंच म्हणून. मग एवढे आवाज बदलून घेतले पोरीकडून, त्याचा उपयोग काय?"

कळू दे की, आई. एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते. निरीक्षकांना एकदम मधला दिसला, जिना चढून येणारा, रिकाम्या हाताने परत जाणारा, धाकटा दिसला, दुपारी फोनवर दबक्या आवाजात बोलणाऱ्या दोन भावजया दिसल्या, स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिलेली बायको दिसली. टोपणनावाने चारचौघांत ओरडून सांगणं वेगळं होतं. त्यांनी ओठ मिटले. आणि खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं. हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणूनच आईकडे बघवेना.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. "आला बघ, वेळेवर," आई म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. निरीक्षकांनी बॅगेची चेन ओढली. ती मध्येच अडकली, त्यांनी जोर लावला, तरी बसेना.

आईने त्यांचे हात बाजूला केले आणि चेन अलगद लावून घेतली. मग त्यांच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

"एवढं मनाला लावून घेऊ नकोस," ती म्हणाली. "सिनेमात तू काही वाईट दिसत नाहीस. तू दिसतच नाहीस."

आणि कठड्याला धरून ती जिना उतरू लागली. मागोमाग बॅग घेऊन निरीक्षक.